साहेबांसाठी चाळीसचा बल्ब

आमचे शेजारी वाघमारे कुठंही गेले की आधी बल्बखाली हात धरायचे. हॉटेलात शिरले की चहा सांगण्याआधी. लग्नाच्या मांडवात, मुठीत अक्षता असताना. बसस्टँडवर तर त्यांनी चौकशीच्या खिडकीतून आत हात घालून तिथल्या बाबूच्या डोक्यावरचा दिवा तपासला होता, आणि बाबूनं घाबरून खिडकीच बंद करून घेतली होती. तळहात नव्हे, पालथा हात. डोळे मिटायचे, मान जराशी वाकडी करायची, आणि नाडी बघून झाल्यासारखं सांगायचं, "ह्यो साठचा हाय. पोळंल." किंवा मग, "ह्यो बेस हाय. कुठून घेतला?"

अनोळखी लोकांना वाटायचं, माणूस वीज मंडळातला आहे. ते लगेच मीटरच्या तक्रारी सांगायला लागायचे. वाघमारे तक्रारी शेवटपर्यंत ऐकून घेत. मग म्हणत, "माझा इजेशी संबंध न्हाई. मी सरड्यासाठी पाहून राहिलो."

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. ऑफिसं आली होती, पण ऑफिसांना इमारती नव्हत्या. आमचं ऑफिस एका तेलाच्या जुन्या गोदामात थाटलं होतं, त्यामुळं प्रत्येक फायलीला करडईचा वास यायचा आणि दुपारी जेवायच्या आधी फाइल उघडली की भूक लागायची. माणसं चारी दिशांनी बदलून आलेली. मी उमरीचा. वाघमारे मुखेडचे. त्यांची बायको तिकडंच शाळेत मास्तरीण, दोन मुलं तिच्यापाशी. हे एका शनिवाराआड एसटीनं जायचे आणि सोमवारी सकाळी एसटीतून उतरून थेट ऑफिसात यायचे, अंगावर धुळीचा थर घेऊन. त्या सालात धुळीला काही कमी नव्हतं. पाऊस आला न आल्यासारखा झाला होता, विहिरींचे तळ दिसत होते, आणि आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर नवरदेवासारखा यायचा, म्हणजे उशिरा आणि सगळ्यांना रस्त्यात उभं करून.

खोल्या मिळत नव्हत्या. आम्हा दोघांना अक्कांच्या चाळवजा खोल्यांत जागा मिळाली, भिंतीला भिंत लागून. अक्का म्हणजे घरमालकीणबाई, निलंग्याकडच्या, सत्तरीच्या, काठीनं बोलणाऱ्या. भाडेकरू त्यांच्या मुलानं ठेवले होते. अक्कांचं काम फक्त त्यांना ओरडण्याचं होतं.

वाघमारे पन्नाशीला आलेले, काटकुळे, पँट पोटाच्या बरीच वर बांधणारे. आडनाव वाघमारे, पण वाटेत मुंग्यांची रांग लागली तर सायकल उचलून पलीकडं नेणार. दुष्काळातही छत्री वापरायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "ऊन बाधतंय." बाधणं हा त्यांचा आवडता शब्द. ऑफिसात नवी खुर्ची आली, तर बसण्याआधी, "बाधा न्हाई ना?" भज्यांची प्लेट पुढं केली, तरी "बाधा न्हाई ना?" एकदा बढतीची बातमी आली तेव्हाही त्यांनी हेच विचारलं होतं.

सरडा त्या छत्रीवरच पडला.

रस्ता रुंद करायचा म्हणून ऑफिससमोरचं कडुनिंबाचं झाड तोडत होते. वाघमारे डबा खाऊन शतपावली करत होते. वरून काहीतरी थप्पदिशी आलं. छत्री खाली केली तर आत, म्हणजे बाहेर, म्हणजे छत्रीच्या पाठीवर, एक सरडा. मागचा एक पाय फांदीखाली चेंगरलेला. तो पळेना. वाघमारेही हलेनात. शेवटी त्यांनी जेवणाच्या रिकाम्या डब्यात त्याला ठेवलं, झाकण अर्धं लावलं, आणि उरलेली दुपार डबा मांडीवर घेऊन काढली.

दुसऱ्या दिवशी मला भिंतीपलीकडून हाक आली. "इकडं या जरा. हे कुणासारखं दिसून राहिलं सांगा."

सरडा टेबलावर होता. त्यानं पुढचे दोन पाय रोवले, छाती काढली, आणि मान दोनदा वर-खाली केली. आमचे मोठे साहेब फाइल न वाचता मंजूर करायचे तेव्हा हुबेहूब अशीच मान हलवायचे. आम्ही दोघंही हसलो, आणि त्या क्षणापासून सरड्याचं नाव साहेब पडलं. पुढं जे काही झालं त्यातला निम्मा घोटाळा या नावानं केला.

साहेबांना राहायला एक काचेची पेटी मिळाली. चौकातला मिठाईवाला दूध मिळेना म्हणून दुकान बंद करून गावी चालला होता. त्याच्याकडून वाघमाऱ्यांनी ती आणली. समोरच्या काचेवर लाल अक्षरांत 'ताजे पेढे' असं रंगवलेलं होतं, ते काही खरडून निघालं नाही. त्यामुळं आत खापरावर सरडा, आणि वर 'ताजे पेढे'. साहेबांना खायला ऑफिसच्या रेकॉर्ड रूममधली झुरळं. जिल्हा नवा असला तरी झुरळं जुन्या जिल्ह्यातून फायलींबरोबर आली होती.

पाय हळूहळू बरा होत होता, आणि थंडी पडली.

एका सकाळी, मी दात घासत असताना, वाघमारे दारात उभे. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. "साहेब गेले," ते म्हणाले. "हातपाय गार पडले." आणि शर्टात हात खुपसून तसेच वळले आणि अक्कांच्या घराच्या गच्चीकडं निघून गेले.

आता मला सांगा, सकाळी सकाळी, तोंडात ब्रश असताना, ऑफिसातला सहकारी येऊन साहेब गेले म्हणाला तर माणूस काय समजेल? मी चूळ भरली, सायकल काढली आणि ऑफिस गाठलं. हेडक्लार्कना सांगितलं. त्यांनी डोळ्याला रुमाल लावला आणि दुसऱ्या हातानं सुट्टीचा कागद काढला. शिपायाला हार आणायला पिटाळलं. शोकसभेत कोण बोलणार यावर थोडी चुरस झाली. ज्यांना साहेबांनी आदल्याच दिवशी झाडलं होतं, त्यांनी साहेबांचा स्वभाव किती मऊ होता ते सांगायला सुरुवात केली.

तेवढ्यात जीप आली. साहेब उतरले.

गोदामाच्या दारात आम्ही सगळे खाली माना घालून ओळीनं उभे, मध्यभागी शिपाई, त्याच्या हातात झेंडूचा हार. साहेबांनी आमच्याकडं पाहिलं. हाराकडं पाहिलं. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. त्यांनी मान पुढं केली. शिपायानं काय करावं? त्यानं घातला हार.

"कशाबद्दल हे?" साहेब लाजून म्हणाले.

"नवीन जिल्ह्याबद्दल, साहेब," हेडक्लार्क म्हणाले. मोठ्या पदावर माणूस उगाच जात नाही.

साहेबांचे डोळे पाणावले. घसा साफ करून त्यांनी आभाराचं भाषण सुरू केलं. आपण सगळे बाहेरून आलेलो, पण एका कुटुंबासारखे, वगैरे. आणि ऐन कुटुंबावर आले असताना वाघमारे दारातून धापा टाकत आत शिरले.

"साहेब जित्ते हायेत हो!" ते ओरडले. "काखेत धरून उन्हात बसलो, आत्ताच डोळे उघडले! संडाससुदिक केली!"

साहेबांनी गळ्यातल्या हाराला हात लावला. काय समजायचं ते त्यांना बरोबर समजलं असावं, कारण ते भाषण तिथंच सोडून आत गेले आणि दुपारी वाघमाऱ्यांना बोलावणं आलं. आत काय झालं ते आम्हाला कळलं नाही. बाहेर आल्यावर वाघमारे एवढंच म्हणाले, "माणूस बरा हाय. आतला बल्ब मात्र शंभरचा लावलाय. डोळ्याला बाधंल त्यांच्या."

त्या सकाळनंतर दिव्याचा शोध सुरू झाला.

जनावरांच्या नव्या दवाखान्यातले डॉक्टर दिवसभर चारा छावणीतले हडकलेले बैल बघून वैतागलेले असत. वाघमारे पेटी सायकलवर बांधून तिथं गेले, मला मागून धरायला घेऊन. डॉक्टर आधी म्हणाले, मी बैलांचा डॉक्टर आहे. मग 'ताजे पेढे' वाचून हसले आणि खुर्ची ओढून बसले. "वाघमारे, हे थंड रक्ताचं जनावर. याला स्वतःची ऊब नसते. बाहेरून घेईल तेवढीच. ऊब मिळाली नाही तर खाल्लेलंही पचणार नाही."

"म्हंजे दिवा लावू?"

"लावा. पण भाजून काढू नका."

या शेवटच्या वाक्यानं वाघमाऱ्यांची झोप गेली. किती वॅटला ऊब म्हणायची आणि किती वॅटला भाजणं, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. त्यांनाही माहीत नसावं.

पहिला बल्ब साठचा, पेटीच्या आतच सुतळीनं टांगलेला. दोन गोष्टी झाल्या. सुतळी करपून खोलीत वास सुटला, आणि साहेब ऊब आवडली म्हणून थेट बल्बला जाऊन चिकटले. पोटावर करंगळीच्या नखाएवढा डाग पडला. वाघमाऱ्यांनी त्यावर मलम लावलं, दिवा काढून टाकला, आणि संध्याकाळी जेवलेच नाहीत. मी भाकरी घेऊन गेलो तर म्हणाले, "त्याला पोळतंय हे त्याला कळंना हो. ऊब म्हणून बिलगलं ते. आपल्याला कळाया पाहिजे होतं ना?"

त्यानंतर बल्ब पेटीच्या बाहेर गेला. वरची काच काढून तिथं बारीक जाळी बसवली, जाळीच्या वर दिवा. सुतळीऐवजी लोखंडी आकडा, आणि होल्डर चिनी मातीचा, कारण साधा होल्डर तापून मऊ पडतो असं गंजगोलाईच्या बाजारातल्या पाशाभाईंनी सांगितलं. पाशाभाईंचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. तिथं वाघमारे इतक्या वेळा गेले की पाशाभाई त्यांना लांबून पाहूनच कपाळावर हात मारायचे.

"अरे साब, ये सरडा है या इंजिनियर? मेरे चार बल्ब फेल कर दिया!"

"पाशाभाई, शंभरनं तोंड उघडं टाकून पडून राहतंय. पंचवीसनं हलत न्हाई."

"तो चालीस लेव ना!"

"चाळीसची बाधा न्हाई ना?"

"मेरे को काटेगा, तुम को नहीं काटता," पाशाभाई म्हणायचे, म्हणजे काय ते त्यांनाच ठाऊक, आणि चाळीसचा बल्ब पुड्यातून काढून लावून दाखवायचे. वाघमारे डोळे मिटून पालथा हात धरायचे. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं थांबून राहायची. मी स्वतः पाहिलंय, एका माणसानं आपला पंखा दुरुस्तीला टाकायचा राहू देऊन निकाल काय लागतो याची वाट पाहिली होती.

मध्येच कुणीतरी सांगितलं की लाल दिवा डोळ्याला शांत असतो. मांडववाल्याकडून लाल बल्ब आला. संध्याकाळी वाघमाऱ्यांच्या खिडकीतून लाल उजेड रस्त्यावर पडू लागला. आमची गल्ली सभ्य लोकांची. सभ्य लोक अशा वेळी थेट विचारत नाहीत, ते येता-जाता चपलेचा अंगठा नीट करायला खिडकीसमोर थांबतात. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या खोलीत लाल दिवा, आणि आतून आवाज, "या या, जवळ या, लाजू नका." शेवटी एक हवालदार आला. त्यानं दार वाजवलं, आत डोकावला, पेटीसमोर बराच वेळ उकिडवा बसला, आणि बाहेर येऊन जमलेल्या लोकांना म्हणाला, "काही न्हाई. पेढे हायेत." सरडा त्याला दिसला नव्हता की त्यानं मुद्दाम सांगितलं नाही, हे गूढच राहिलं.

हेडक्लार्क मात्र ऑफिसात म्हणाले, "आपल्या जिल्ह्यात आता लाल दिवे दोन. एक कलेक्टरच्या गाडीवर, एक वाघमाऱ्यांच्या सरड्यावर."

लाल बल्ब दुसऱ्या दिवशी परत गेला. मग ट्यूबलाइट आली. "उजेड लई, ऊब न्हाई," असं म्हणून तीही गेली. विजेचा दाब आमच्याकडं कधी मेणबत्तीएवढा, कधी एकदम भडकणारा. एका भडक्यात बल्ब फुटला, आणि काचा जाळीवर अडल्या. खाली साहेब शांतपणे मान हलवत होते. त्या दिवशी वाघमाऱ्यांनी आख्ख्या चाळीला गूळ वाटला.

अखेर ठरलं ते असं. बल्ब चाळीसचा, साधा, पांढरा. जाळीपासून वीतभर वर. पेटीच्या एकाच टोकाला, दुसऱ्या टोकाला खापराची सावली. "त्यास्नी वाटलं तर उबेत येतील, वाटलं तर सावलीत जातील. आपली जबरी नको." दिवस मावळला की दिवा बंद, कारण अंधारही लागतो. आणि डॉक्टरांनी सांगितलं की काचेतून आलेलं ऊन म्हणजे फोटोतली भाकरी, दिसायला तेवढी खरी. त्यामुळं रोज सकाळी साहेबांना उंदराच्या पिंजऱ्यात घालून गच्चीवर न्यायचं, अर्ध्या पिंजऱ्यावर ओलं फडकं टाकायचं, आणि शेजारी छत्री धरून स्वतः बसायचं.

अक्का खालून ओरडायच्या. "काय हो वाघमारे! उंदराला ऊन दाखवताव का?"

"सरडा हाय, अक्का."

"अय्यो! त्याहून वाईट!"

पण ओरडून झाल्यावर त्या तिथंच उभ्या राहायच्या. विचारायच्या, खातं काय, चावतं का, रंग कधी बदलतं. वाघमारे वरून उत्तरं द्यायचे. रोज तेच प्रश्न आणि तीच उत्तरं.

उन्हाळा लागला तसा दिव्याचा प्रश्न आपोआप मिटला. पत्र्याखालची खोली, बल्बची गरजच नाही, उलट ओली फडकी लावायची वेळ आली. साहेब चांगलेच गरगरीत झाले होते. एका सकाळी त्यांनी पेटीतली माती उकरायला घेतली. डोकं खाली, पाठ वर, कामात इतके गर्क की झुरळाकडंही बघेनात. दुपारी खड्डा बुजवलेला, आणि साहेबांचं पोट आत गेलेलं. वाघमाऱ्यांनी चमच्यानं माती जराशी सारली. आत पांढरी, लांबट, शेंगदाण्यापेक्षा थोडी मोठी अंडी.

ऑफिसात ते उशिरा पोचले. हेडक्लार्कच्या टेबलापाशी गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "साहेब बाई हायेत."

या वेळी कुणी हार मागवला नाही. सगळ्यांनी आधी जीप बाहेर आहे का ते पाहिलं.

एकटीला अंडी कशी, हा प्रश्न घेऊन आम्ही पुन्हा बैलांच्या डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, जुन्या संसाराची असतील, कडुनिंबावरच्या. काही जनावरांत तसं राहतं म्हणे. वाघमारे परतीच्या वाटेवर सायकल हातात धरून चालत होते. मग म्हणाले, "एवढं पडलं, पाय मोडला, भाजलं, पण धरून ठेवलं बघा तिनं."

आता अंड्यांचं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. सगळी काही फुटली नाहीत. तीन फुटली. बोटाच्या पेराएवढी पिल्लं, आणि त्यातलं एक बाहेर आल्या आल्या मान हलवणारं. वाघमाऱ्यांनी त्यांना आणि बाईसाहेबांना औशाच्या रस्त्यावर एका बंद पडलेल्या मोटेच्या विहिरीकाठी, चिंचेच्या झाडावर सोडलं. बाईसाहेब खोडावर चढल्या, एकदा थांबल्या, आणि पानांत गेल्या. त्यांनी मागं वळून पाहिलं असं मी म्हणणार नाही. सरडे तसं काही करत नाहीत.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, मे महिन्यातल्या एका दुपारचं.

अंड्यांची माती ओलसर राहायला हवी होती. फार नाही, मुठीत धरली तर गोळा होईल इतकीच. आणि आमच्या गल्लीत टँकर आला नव्हता. वाघमारे आपल्या पिण्याच्या पाण्यातून चूळभर पाणी रोज मातीच्या कडेनं सोडायचे. अंघोळ त्यांनी ओल्या पंच्यावर आणली होती. ही बातमी अक्कांना लागली, आणि त्या आमच्या खोल्यांसमोर येऊन कडाडल्या. माणसांना प्यायला नाही आणि हे सरड्याच्या अंड्यांना पाजतात! वाघमारे खाली मान घालून ऐकत राहिले. "हाव अक्का," एवढंच म्हणाले.

एव्हाना चाळीतली माणसं अंडी बघायला येऊ लागली होती. यायची म्हणजे दारापर्यंत. मी भिंतीला भिंत लावून राहत असल्यानं आत-बाहेर करायचो, म्हणून माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. माणसं दारात थांबायची, माना लांब करायची, "फुटली का?" विचारायची, आणि तिथूनच जायची. वाघमारे बौद्ध. खोलीत समोरच बुद्धाची तसबीर. ऑफिसात आम्ही एका टेबलावर डबे खायचो, तिथं कुणी काही पाळत नव्हतं, निदान दाखवत तरी नव्हतं. चाळीत मात्र त्यांचा उंबरा माझ्याशिवाय कुणी ओलांडला नव्हता. पाणी तर लांबच. भांडण नाही, वाकडा शब्द नाही, सगळे त्यांना 'वाघमारे साहेब' म्हणायचे. फक्त दारातून. आणि वाघमाऱ्यांनीही कधी कुणाला आत बोलावलं नव्हतं. 'चहाला या' म्हणणं त्यांना जमत नव्हतं. 'सरड्याचा दिवा बघून सांगा' म्हणणं जमत होतं. थंडीभर ते ज्याला त्याला दिव्याचंच विचारत फिरले, त्यातलं थोडं सरड्यासाठी होतं आणि थोडं कशासाठी होतं, ते मला त्या दुपारी कळलं.

ऊन नुसतं पेटलं होतं. रविवार असल्यानं मी वाघमाऱ्यांकडंच पंख्याखाली बसलो होतो. पंखा फिरत नव्हता, पण त्याच्याखाली बसायची सवय होती. काठीचा आवाज आला. दारात अक्का. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पितळी तांब्या. वाघमारे तटकन उभे राहिले. पुन्हा ओरडा बसणार असंच आम्हाला वाटलं.

अक्का दारात थांबल्या, पेटीकडं पाहिलं. तिथून त्यांना काय दिसणार? डोळ्यात मोतीबिंदू. त्यांनी पाय उचलला, उंबऱ्याच्या आत ठेवला, मग दुसरा. चपला बाहेर काढायला विसरल्या, ते ध्यानात आल्यावर परत गेल्या, चपला काढल्या, आणि पुन्हा आत आल्या.

"कुठं घालायचं पाणी?" त्या म्हणाल्या.

मी कडेची माती दाखवली. "कडंनं घाला अक्का, अंड्यांवर नको. थोडंच."

"मला शिकवू नको. सहा बाळंतपणं झाली माझी." त्या पेटीशेजारी जमिनीवर बसल्या आणि तांब्यातलं पाणी बोटांनी शिंपडू लागल्या. थोडं थोडं करत सगळा तांब्या संपवला. काम झाल्यावर पदरानं कपाळ पुसलं. उन्हातून आलेल्या, धाप लागलेली, ओठ सुकलेले. त्यांनी तांब्यात डोकावून पाहिलं. त्यात काही नव्हतं.

"वाघमारे," त्या म्हणाल्या, "प्यायला पाणी द्या की हो."

वाघमारे माझ्याकडं बघायला लागले. मग माठाकडं. "अक्का," ते म्हणाले, "आमच्या माठातलं?"

"मग काय माझ्या माहेरच्या आडातलं आणून देताव?"

ते माठापाशी गेले. पेला विसळला. परत विसळला. तिसऱ्यांदा विसळायला लागले तेव्हा अक्का खेकसल्या, "पुरे! पाणी काय उतू चाललंय का?" त्यांनी पेला भरून दोन्ही हातांनी पुढं केला. अक्कांनी तो घेतला, तोंडाला लावला, आणि मध्ये न थांबता प्यायल्या. घशाचा घटघट आवाज त्या बंद पंख्याच्या खोलीत स्पष्ट ऐकू येत होता.

"गार हाय," त्या म्हणाल्या. "माठ कुठला?"

"औशाचा," वाघमारे म्हणाले. "बाजारातून आणला."

"चांगला हाय. आणिक एक द्या."

वाघमाऱ्यांनी पेला घेतला आणि पाठ करून माठापाशी उभे राहिले, जरा जास्तच वेळ. वळले तेव्हा पेला काठोकाठ भरलेला होता. अक्कांपर्यंत येईतो निम्मं पाणी फरशीवर सांडलं, त्या दुष्काळात. अक्कांनी सांडलेल्या पाण्याकडं पाहिलं, पेला घेतला आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.